टेसनंतरचा रक्तस्राव: यकृताच्या दुखण्याआड दडलेली जांघेतील जखम

यकृताच्या कर्करोगावर कॅथेटरद्वारे, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीतून, उपचार (टेस) केल्यानंतर रुग्णाचा रक्तदाब घसरू लागला, की सर्वांची नजर आपोआप यकृताकडे वळते. ज्या अवयवावर नुकतेच काम झाले तिथेच काही बिघडले असावे, हा तर्क स्वाभाविक आहे आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो. पुढील प्रकरणात तो खरा नव्हता. तो गृहीत धरून आम्ही पुढे गेलो असतो, तर खरा रक्तस्राव तसाच चालू राहिला असता आणि आधीच सिरोसिसने (यकृत कठीण आणि व्रणमय होण्याच्या आजाराने) खंगलेल्या यकृताचा उरलेला धमनीपुरवठा आम्ही आमच्याच हातांनी बंद केला असता. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. चूक मात्र आमच्याच चमूची होती आणि ती जशी घडली तशी लिहिली आहे.

रुग्ण आणि निर्णय

रुग्ण ६१ वर्षांचे, स्थूल बांध्याचे गृहस्थ होते. हेपॅटायटिस बी विषाणूमुळे झालेला सिरोसिस कित्येक वर्षांपासून ठाऊक होता आणि विषाणूविरोधी औषध नियमित चालू होते. दर सहा महिन्यांनी करायच्या सोनोग्राफीच्या दोन फेऱ्या मात्र चुकल्या होत्या. त्यानंतरच्या तपासणीत यकृताच्या सहाव्या खंडात ६.८ सेंटिमीटरची एक गाठ आणि आठव्या खंडात दोन लहान गाठी आढळल्या. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून देण्याचे द्रव्य) देऊन केलेल्या सीटीमध्ये तिन्ही गाठी धमनीच्या टप्प्यात, म्हणजे ते द्रव्य धमन्यांत असताना, उजळत होत्या आणि नंतरच्या टप्प्यांत आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिक्या पडत होत्या. सिरोसिस असलेल्या व्यक्तीत हे चित्र इतके बोलके असते की निदानासाठी बायोप्सीची गरज पडत नाही. आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी पोर्टल शीर मोकळी होती, जलोदर नव्हता, बिलिरुबिन १.६ आणि अल्ब्युमिन ३.३ होते. यकृताचे कार्य किती टिकून आहे हे मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू वर्गीकरणात ते 'अ' या सर्वांत चांगल्या गटात, ६ गुणांवर बसत होते. गाठी एकापेक्षा अधिक, यकृताचे कार्य टिकून, अंगात हिंडण्याफिरण्याची ताकद चांगली, अशा मध्यम टप्प्यातील रुग्णासाठी टेस, म्हणजे धमनीमार्गे केमोएम्बोलायझेशन, हा प्रस्थापित उपचार आहे.

या उपचाराचा पाया यकृताच्या दुहेरी रक्तपुरवठ्यात आहे. निरोगी यकृतपेशींना सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळते आणि उरलेले यकृतधमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ पूर्णपणे धमनीवर जगते. म्हणून गाठीला जाणाऱ्या धमनीच्या फांदीत केमोथेरपीचे औषध लिपिओडॉल या तैलयुक्त कॉन्ट्रास्टमध्ये मिसळून सोडायचे आणि मागोमाग ती फांदी जिलेटिनच्या कणांनी बंद करायची, म्हणजे गाठ उपाशी मरते आणि यकृत पोर्टल रक्तावर तगून राहते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन तुलनात्मक चाचण्यांनी या उपचाराने आयुष्य वाढते हे दाखवले आणि तेव्हापासून त्याचे स्थान पक्के झाले. यकृत पोर्टल रक्तावर तगते खरे, पण सिरोसिसमध्ये पोर्टल प्रवाहच कमकुवत झालेला असतो, त्यामुळे धमनी किती बंद करावी याला मर्यादा असते. पुढे निर्णायक ठरलेली गोष्ट हीच.

उपचारापूर्वीच्या बैठकीत रक्तस्रावाची चर्चा झाली नाही असे नाही. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट ६२ हजार होत्या, रक्त गोठायला लागणारा वेळ दर्शवणारा आयएनआर १.४ होता. एंडोस्कोपीत अन्ननलिकेत मध्यम आकाराच्या फुगलेल्या शिरा दिसल्या होत्या आणि त्यांसाठी कार्व्हेडिलॉल हे बीटा-ब्लॉकर औषध (जे हृदयाचा वेगही कमी करते) दिवसाला १२.५ मिलिग्रॅम चालू होते. मोठी गाठ यकृताच्या आवरणाला ढकलून बाहेर डोकावत होती. मोठी, पृष्ठभागालगतची, बाहेर फुगलेली गाठ टेसनंतर फुटू शकते. असे क्वचितच घडते, पण घडले तर प्राणावर बेतते. बैठकीच्या टिपणात गाठ फुटण्याचा धोका ठळक अक्षरांत लिहिला गेला. जांघेविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

आयएनआर सुधारण्यासाठी आधीच प्लाझ्मा (गोठवणारे घटक असलेला रक्ताचा द्रवभाग) द्यावा का, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. तो आम्ही दिला नाही आणि आजही मला तो निर्णय योग्य वाटतो. सिरोसिसमध्ये यकृत रक्त गोठवणारे घटक कमी बनवते, पण गोठण्याला आवर घालणारी प्रोटीन सी आणि अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनेही तेच बनवत असल्याने तीही कमी होतात. आयएनआर या तराजूचे एकच पारडे मोजतो. त्यामुळे वाढलेला आयएनआर म्हणजे पातळ रक्त असे समीकरण येथे लागू पडत नाही. प्लाझ्माच्या पिशव्यांनी आकडा थोडा सुधारतो खरा, पण रक्ताच्या वाढलेल्या आकारमानामुळे पोर्टल शिरेतील दाब चढतो आणि अन्ननलिकेतील शिरा फुटण्याची भीती वाढते.

उपचार

उजव्या जांघेतील फेमोरल धमनीतून प्रवेश करायचे ठरले. सोनोग्राफीचे यंत्र शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णासाठी वापरात होते. त्याची वाट न पाहता बोटांनी नाडी चाचपून सुई घालण्यात आली. रुग्णाच्या पोटाची घडी जांघेवर आली होती, ती वर ओढून धरली होती आणि नाडी घडीच्या बऱ्याच वर सर्वांत ठळक लागत होती. पहिल्या सुईला रक्ताची धार आली नाही. दुसऱ्या प्रयत्नात आली आणि ५ फ्रेंच मापाची शीथ (कॅथेटर आत सरकवण्यासाठी धमनीत बसवायची नळी) बसली. फ्लुरोस्कोपीखाली (चालत्या क्ष-किरण चित्रात) सुईचे टोक मांडीच्या हाडाच्या गोलाच्या तुलनेत कुठे आहे हे आम्ही पाहिले नाही. ते पाहायला काही सेकंद लागतात.

पुढचा भाग सुरळीत पार पडला. सिलिअॅक आणि सुपिरिअर मेसेंटेरिक धमन्यांची अँजिओग्राफी झाली, सहाव्या खंडाच्या फांदीत मायक्रोकॅथेटर (अतिबारीक कॅथेटर) नेला, कोन-बीम सीटीने (त्याच टेबलावर घेतलेल्या सीटीने) खात्री केली, ५० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन आणि १० मिलिलिटर लिपिओडॉल यांचे मिश्रण हळूहळू सोडले आणि जिलेटिनच्या कणांनी प्रवाह थांबवला. आठव्या खंडातील गाठी पुढच्या सत्रासाठी ठेवल्या. शीथ काढून जांघेवर १५ मिनिटे हाताने दाब दिला. त्वचेवरचे छिद्र कोरडे होते, सूज नव्हती. सर्वजण समाधानी होते.

पहिले सहा तास

टेसनंतर ताप, मळमळ आणि उजव्या बरगड्यांखाली दुखणे ही तिन्ही लक्षणे इतक्या रुग्णांत दिसतात की त्यांना एम्बोलायझेशननंतरचा लक्षणसमूह असे स्वतंत्र नावच आहे. गाठीच्या पेशी मरतात, यकृताचे आवरण ताणले जाते आणि त्यातून ही लक्षणे उद्भवतात. वेदनाशामक औषध, पाणी आणि धीर एवढ्यावर ती ओसरतात. अशा रुग्णांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात म्हणूनच टेसनंतर दुखणारच हे वाक्य घर करून बसलेले असते.

दोन तासांनी रुग्णाने दुखत असल्याचे सांगितले. नोंदवहीत पोटदुखी, अपेक्षित असे लिहिले गेले आणि ओपिऑइड इंजेक्शन दिले गेले. तेव्हा रक्तदाब ११२/७० आणि नाडी ६८ होती. दुखणे नेमके कुठे आहे हे कुणी विचारले नाही. चौथ्या तासाला ते अस्वस्थ झाले, कुशीवर वळू लागले, उजवा पाय गुडघ्यात वाकवून ठेवू लागले. पाय सरळ केला की कंबरेत कळ जाते असे म्हणाले आणि लघवीची घाई होते, पण होत नाही, अशीही तक्रार केली. रक्तदाब ९४/६०, नाडी ७४. हिमोग्लोबिन सकाळी ११.८ होते, आता १०.९ आले. सलाइन चालू असल्याने एवढा फरक पडणारच, असा त्याचा अर्थ लावला गेला.

या टप्प्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींनी एकाच वेळी आमची दिशाभूल केली. पहिली गोष्ट कार्व्हेडिलॉलची. रक्त वाहून जात असताना हृदयाचा वेग वाढतो, ही प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेली खूण आहे, पण बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात ती खूण पुसली जाते. ७४ ही नाडी निरोगी माणसाला शोभेल अशी असली, तरी या रुग्णात घसरत्या रक्तदाबासोबत ती चिंताजनक होती. दुसरी गोष्ट हिमोग्लोबिनची. रक्तस्रावाच्या पहिल्या काही तासांत पेशी आणि द्रव दोन्ही एकत्रच बाहेर जातात, त्यामुळे उरलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण जवळपास तेच राहते. ऊतींमधील द्रव रक्तात ओढला जाईपर्यंत आकडा फसवत राहतो. तिसरी गोष्ट जांघेची. ड्रेसिंग उचलून पाहिले तर तिथे काहीच नव्हते. सूज नाही, निळेपणा नाही, हाताला कठीण लागत नाही. हा निष्कर्ष आम्हाला सर्वांत जास्त भोवला.

पाचव्या तासाला रक्तदाब ८२/५० झाला, लॅक्टेट (ऊतींना पुरेसे रक्त न मिळाल्याची खूण) ४.१ आले आणि हिमोग्लोबिन ९.१ वर उतरले. आता रक्तस्राव आहे याविषयी दुमत राहिले नाही. दुमत होते ते जागेबद्दल, आणि खरे सांगायचे तर तेही फारसे नव्हते. गाठ फुटली असणार असे बहुतेकांनी गृहीत धरले, कारण तो धोका आधीच कागदावर लिहिलेला होता. अँजिओग्राफीचे टेबल मोकळे करून थेट यकृतधमनीत शिरावे आणि गाठीला जाणारे जे काही उरले असेल ते बंद करावे, असा प्रस्ताव आला. वेळ वाचवण्याच्या दृष्टीने तो आकर्षक होता.

खाटेजवळ केलेल्या सोनोग्राफीत यकृताभोवती द्रव दिसला नाही. फुटलेल्या गाठीचे रक्त सहसा आधी तिथेच साचते. पण ताजी गुठळी यकृतासारखीच राखाडी दिसून नजरेतून सुटू शकते, आणि स्थूल पोटात उदरावरणामागची जागा सोनोग्राफीला जवळजवळ दिसतच नाही. रुग्णाला रक्ताची उलटी किंवा काळे शौच झाले नव्हते, त्यामुळे अन्ननलिकेतील शिरा किंवा जठराकडे भरकटलेल्या कणांमुळे झालेला व्रण या शक्यता मागे पडल्या. मायक्रोकॅथेटरच्या तारेने यकृतधमनीला छेद गेला असता, तर तो उपचाराच्या वेळच्या शेवटच्या चित्रांत दिसला असता. ती चित्रे पुन्हा पाहिली आणि ती निर्दोष होती.

याच क्षणी भूलतज्ज्ञांनी रुग्णाला विचारले, "काका, एका बोटाने दाखवा, कुठे सर्वांत जास्त दुखतंय?" रुग्णाने उजव्या बरगड्यांवर बोट ठेवले नाही. त्यांनी ते ओटीपोटाच्या उजव्या कडेवर ठेवले आणि तिथून पाठीकडे नेले. एवढ्या एका बोटाने सगळा विचार फिरला.

सीटी

रक्तदाब सीटीपर्यंतचा प्रवास सोसेल इतका टिकवून धरणे हे पहिले काम होते. लाल पेशींची पहिली पिशवी सुरू केली आणि सीटीकडे निघालो. मागणीपत्रावर यकृताचा तीन टप्प्यांचा सीटी असे लिहिले होते. त्या मर्यादेत राहिलो असतो तर तपासणी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपाशीच थांबली असती. ती मर्यादा खोडून छातीच्या पडद्यापासून मांडीच्या वरच्या तृतीयांशापर्यंत तपासणी करण्यास सांगितले. कॉन्ट्रास्ट देण्याआधीचा साधा टप्पाही घेतला, आणि टेस झालेल्या रुग्णात तो वगळणे ही मोठी चूक ठरते. लिपिओडॉल स्वतःच सीटीवर लखलखीत पांढरे दिसते. साधा टप्पा तुलनेला नसेल, तर धमनीच्या टप्प्यात दिसणारा पांढरा ठिपका लिपिओडॉलचा की गळणाऱ्या कॉन्ट्रास्टचा, हे ठरवता येत नाही. गाठीच्या काठावरचे लिपिओडॉल रक्तस्राव समजून यकृत पुन्हा बंद करण्याची, किंवा खरी गळती लिपिओडॉल समजून सोडून देण्याची, दोन्ही संकटे त्यातून उद्भवतात.

यकृत शांत होते. लिपिओडॉल गाठीत घट्ट बसलेले, आवरण अखंड, भोवती रक्ताचा मागमूस नाही. खाली ओटीपोटात मात्र उजव्या बाजूला उदरावरणाबाहेर ११ बाय ८ सेंटिमीटरचा रक्ताचा गोळा होता. त्याने मूत्राशय डावीकडे ढकलला होता आणि तो वर, कण्यालगतून मांडीकडे उतरणाऱ्या सोआस स्नायूच्या कडेने मागे सरकला होता. लघवीची घाई आणि वाकवून धरलेला पाय या दोन्हींचा उलगडा झाला. गोळ्याचा सर्वांत दाट भाग इंग्विनल लिगामेंटच्या (पोट आणि मांडी यांच्या सीमेवरील तंतुमय पट्ट्याच्या) अगदी वर होता. साधारणपणे गोठलेले रक्त वाहत्या रक्तापेक्षा सीटीवर अधिक दाट दिसते आणि सर्वांत दाट गुठळी गळतीच्या जागेला चिकटून असते, म्हणून हा भाग वाटाड्याचे काम करतो. धमनीच्या टप्प्यात नेमका तिथेच एक ठिपका उजळला आणि पुढच्या टप्प्यात पसरून मोठा झाला. त्याच जागेच्या साध्या चित्रात काहीही पांढरे नव्हते.

पहिल्या सुईला रक्ताची धार का आली नाही, हेही आता कळले. सुई लिगामेंटच्या वर गेली होती. तिथे फेमोरल धमनी संपून बाह्य इलिअॅक धमनी सुरू होते आणि तिच्यातून इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक ही बारीक फांदी निघून पोटाच्या भिंतीत वर चढते. पहिल्या सुईने ती फांदी फाडली होती. मग १५ मिनिटे दिलेला दाब का उपयोगी पडला नाही, याचेही उत्तर याच शरीररचनेत आहे. मांडीच्या हाडाच्या गोलासमोर धमनी असते तेव्हा बोट आणि हाड यांच्यामध्ये ती दाबता येते. लिगामेंटच्या वर मागे हाडाचा आधार नसतो, पोकळ ओटीपोट असते. बोट कितीही जोराने दाबले तरी दाब जखमेपर्यंत पोहोचत नाही, आणि रक्त त्वचेकडे न येता आत मागे उतरते. जांघ म्हणूनच शेवटपर्यंत स्वच्छ दिसत राहिली.

रक्तस्राव थांबवणे

डाव्या जांघेतून, यावेळी सोनोग्राफीच्या नजरेखाली, शिरलो. महाधमनीच्या फाट्यावरून कॅथेटर उजव्या बाजूला वळवला आणि तिरक्या कोनातून बाह्य इलिअॅक धमनीचे चित्र घेतले. एपिगॅस्ट्रिक धमनीच्या पहिल्या वळणावर गळती स्पष्ट दिसली. शीथ जिथून बसली होती तो मूळ धमनीचा भाग अखंड होता. तो फाटलेला असता तर झाकलेला स्टेंट (धमनीला आतून अस्तर लावणारी जाळीदार नळी) टाकावा लागला असता आणि त्याची तयारी टेबलावर ठेवली होती.

या धमनीवर फक्त गळतीच्या अलीकडे कॉइल (धमनी बंद करणारी धातूची बारीक वेटोळी) टाकून काम भागत नाही. ती छातीकडून उतरणाऱ्या सुपिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनीशी पोटाच्या भिंतीत जोडलेली असते. अलीकडची बाजू बंद केली तर रक्त वरून उलटे येऊन तीच जखम भरत राहते. म्हणून मायक्रोकॅथेटर गळती ओलांडून पलीकडे नेला, आधी तिथे कॉइल बसवल्या, मग मागे येत अलीकडे. पुढच्या चित्रात गळती नव्हती. सीटीच्या टेबलावरून उतरल्यापासून एकूण ५० मिनिटे लागली.

लाल पेशींच्या तीन पिशव्या, प्लेटलेटची एक मात्रा आणि रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन १२० मिलिग्रॅमवर आल्याने ते भरून काढणारे क्रायोप्रेसिपिटेट दिले. आयएनआर १.६ झाला होता, तरी प्लाझ्मा दिला नाही. रक्तदाब सावरल्यावर हिमोग्लोबिन ८ च्या आसपास राखले. ते १० च्या वर नेण्याचा आग्रह धरला असता तर पोर्टल दाब विनाकारण वाढला असता. कार्व्हेडिलॉल दोन दिवस थांबवून पुन्हा सुरू केले.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी ताप ३८.३ अंशांवर गेला. हा खरोखरच एम्बोलायझेशननंतरचा ताप होता आणि तो दोन दिवसांत उतरला. तिसऱ्या दिवशी बिलिरुबिन २.९ झाले तेव्हा चमूत पुन्हा धास्ती पसरली, कारण टेसनंतर यकृत ढासळू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. पण वाढ प्रामुख्याने अप्रत्यक्ष (यकृताने अजून प्रक्रिया न केलेल्या) बिलिरुबिनची होती, आयएनआर उलट सुधारत होता आणि शुद्धीत काही फरक नव्हता. एवढ्या मोठ्या गुठळीतील लाल पेशी विरघळू लागल्या की त्यांतील रंगद्रव्य यकृताकडेच येते. दहाव्या दिवशी आकडा १.८ वर आला. उजव्या मांडीचा पुढचा भाग मात्र तीन आठवडे बधिर राहिला, कारण गोळ्याने फेमोरल मज्जातंतूवर दाब दिला होता.

कुटुंबाशी बोलताना गुंतागुंत झाली एवढेच सांगून थांबता आले असते. पहिली सुई हवी त्यापेक्षा वर गेली, जागा यंत्राने तपासली नाही आणि पहिल्या तक्रारीनंतर तीन तास आम्ही चुकीच्या जागेचा विचार करत होतो, हे तिन्ही त्यांना सांगितले. संमतिपत्रावर जांघेतील रक्तस्राव ही ओळ होती, पण ती वाचून दाखवताना कुणी तिथे थांबले नव्हते. मुलीने विचारले, "मग सोनोग्राफी का केली नाही?" यंत्र व्यग्र होते, हे उत्तर देताना ते किती अपुरे आहे ते जाणवत होते.

तेव्हापासून आमच्याकडे फेमोरल धमनीत सोनोग्राफीशिवाय सुई घातली जात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे १००० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत फ्लुरोस्कोपीऐवजी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाने जांघेतील गुंतागुंत ३.४ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आली होती. हा आकडा आम्हाला आधीही ठाऊक होता. वॉर्डच्या नोंदवहीत दुसरा एक बदल केला. टेसनंतरच्या दुखण्यापुढे अपेक्षित हा शब्द लिहायचा नाही, रुग्णाने एका बोटाने दाखवलेली जागा लिहायची, आणि बीटा-ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णाच्या पानावर ते लाल शाईने नोंदवायचे.

पाच आठवड्यांनी केलेल्या सीटीमध्ये मोठ्या गाठीचा बहुतांश भाग मृत होता, एका काठावर थोडी जिवंत कडा उजळत होती. ओटीपोटातील गोळा निम्म्याहून लहान झाला होता. आठव्या आठवड्यात दुसरे सत्र झाले. यावेळी प्रवेश डाव्या मनगटातील रेडिअल धमनीतून केला, कारण तिथे धमनी त्वचेलगत आणि हाडावर टेकलेली असते, आणि रक्त आले तरी डोळ्यांसमोर येते. उरलेली कडा आणि आठव्या खंडातील दोन्ही गाठी एकाच बैठकीत पूर्ण झाल्या.

त्या रात्री दहाच्या सुमारास त्यांना पुन्हा दुखू लागले. परिचारिकेने विचारल्यावर त्यांनी बोट उजव्या बरगड्यांखाली ठेवले. तिने जागा लिहिली, रक्तदाब लिहिला, शेजारी कार्व्हेडिलॉल लिहिले आणि अर्ध्या तासाने पुन्हा येऊन तिन्ही पाहिले.